ज्याचं त्याचं वांगं

नाना, तुमची भरताची लाकडी बडगी परवा बघितली. तुम्ही गेल्यावर बारा वर्षांत पहिल्यांदाच. भरीत ठेचून ठेचून ती मध्ये खोलगट झाली होती, ती आता आणखी खोल झाली आहे. म्हणजे तुमच्या मानलेल्या लेकीनं ती शोभेला ठेवलेली नाही. तिचं नाव मी लिहीत नाही. जळगावला पिंप्राळ्यात आपल्या मागच्या गल्लीत राहणारी, चटईच्या कारखान्यात मशीनवर उभी असणारी ती, एवढं तुम्हाला पुरे. मी त्याच कारखान्याच्या ऑफिसात हिशेब आणि कराचं काम बघते, अजूनही. एका छपराखाली आम्ही दोघी पंधरा वर्षं आहोत आणि तुम्हाला विचारायला रोज येणारी तीच एक होती.

खरं सांगते, तुमची सख्खी लेक असून मला तिचा हेवा वाटतो. आज पन्नाशीतसुद्धा वाटतो, आणि त्याची लाज वाटायची ती आता वाटत नाही.

धुळ्याच्या तेल गिरणीत तुम्ही युनियन बांधलीत ती आधी भरतावर आणि मग कागदावर. फाटकात कुणी सही केली की मुकादम यादी मालकाकडे पोचवायचा आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाला काम नसायचं. म्हणून तुम्ही हिवाळ्यात कुणाच्या तरी शेतात भरीत पार्टी ठेवायचात. नियम एवढाच, की ज्याला यायचंय त्यानं घरून एक वांगं आणायचं. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर सगळी वांगी भाजून, सोलून एकाच बडगीत ठेचायची. मग जो सगळ्यात जास्त घाबरलेला असेल त्याच्याकडे बघून तुम्ही विचारायचात, "आते दखाड, तुन्हं वांगं कोन्तं शे?" आपलं वांगं दाखवायला तो आधी बडगीत बघायचा, मग हसायचा. मालकाकडे नाव गेलं तर बठ्ठ्यांचं जाईल, नाहीतर कुणाचंच जाणार नाही, हे त्याला तिथे कळायचं.

मी नऊ वर्षांची आहे. आई चुलीपुढे कळण्याच्या भाकरी थापते आहे आणि मी टोपलीतलं एक वांगं फ्रॉकमध्ये लपवून तुमच्यामागे शेतात येते. सगळ्यांनी आपापलं वांगं ढिगात टाकलं, तसं मीही पुढे केलं. तुम्ही ते माझ्या हातात परत ठेवलंत. "हाई खेळ नही शे, बेटा. जो गिरनीमा घाम गाळस, त्यानंच चालस. तुन्हं नही चाले." माणसं हसली. वाईट कुणाच्या मनात नव्हतं, तुमच्याही नव्हतं. घरी आल्यावर आईनं त्या एका वांग्याची भाजी केली आणि मी ती एकटीनं खाल्ली.

पुढे मी कॉमर्सला गेले आणि कराच्या ऑफिसात शिकायला लागले तेव्हा तुम्ही म्हणालात, "शिक. पन कोना खर्च कोना बोकांडी बसस, तेबी शिक." मला वाटलं, टोमणा आहे. आई गेल्यावर तुम्ही माझ्याकडे जळगावला आलात तेव्हा मनात म्हटलं, आता तरी नाना माझे. मग ती यायला लागली. बोदवडकडची पोर, चप्पल दाराबाहेर नीट जोडून ठेवणारी. "नाना, सुपरवायझर असं म्हणतो, मग मी काय म्हणू?" तुम्ही तिला तास तास सांगायचात. मी चहा आणून ठेवायचे आणि तुम्ही कपाकडे न बघता तो घ्यायचात. शेवटच्या हिवाळ्यात तुम्ही तिला बडगी दिलीत. माझं तोंड तुम्हाला दिसलं असणार. तुम्ही म्हणालात, "तुन्हा घरमा मिक्सर शे." नाना, घरात मिक्सर होता, हे काय कारण झालं?

आता यंदाचं सांगते. कारखान्यातल्या कामगारांनी युनियनचा विषय काढला आणि शेठजी घाबरले. त्यांनी बाहेरगावाहून एक सल्लागार आणला. तो गोड बोलून एकेका कामगाराला केबिनमध्ये बसवायचा आणि युनियननं कारखाने कसे बंद पडतात ते सांगायचा. त्याचं बिल माझ्या टेबलावर आलं. शेठजी म्हणाले, "ताई, हे खर्चात बसतं ना?" मी म्हटलं, "बसतं." बसतंच ते. युनियन होऊ नये म्हणून दिलेली फी हा धंद्याचा खर्च, तो उत्पन्नातून वजा होतो आणि तेवढा कर वाचतो. कामगार युनियनला वर्गणी देतो, ती मात्र त्याच्या खिशातून जाते आणि तिला कसलीच सवलत नाही. म्हणजे शेठजींच्या भीतीतला थोडा वाटा सरकार उचलतं. तुमचं ते बोकांडीचं वाक्य मला त्या दिवशी कळलं, आणि ते सांगायला घरात कुणी नव्हतं.

त्याच सल्लागारानं सुचवलं, सगळ्यांना भरीत पार्टी द्या, माणूस जेवला की मऊ पडतो. रविवारी दुपारी शेठजींच्या शेतात पार्टी झाली. बाजारातून पोती भरून वांगी आणली होती. तरी येणारा प्रत्येक जण पिशवीतून एक वांगं काढत होता आणि ढिगात टाकत होता. ती जाळापाशी तुमची बडगी घेऊन बसली होती. शेठजी खूश. "बघा, स्वतःहून आणतात!" सल्लागारानं फोटो काढले. त्या सगळ्या शेतात तो प्रकार कळणारी, कामगारांबाहेरची मी एकटी होते. ठेचून झाल्यावर तिनं मुसळी बाजूला ठेवली आणि एका घाबरलेल्या म्हाताऱ्या ऑपरेटरला विचारलं, "आते दखाड, तुन्हं वांगं कोन्तं शे?" तिची बोली वेगळी, नाना. ते वाक्य तुमचं होतं, मधलं थांबणंसुद्धा तुमचं होतं. मला तसं बोलता येत नाही, मी केव्हाच ऑफिसची मराठी बोलायला लागले. मग तिनं वर मान करून माझ्याकडे बघितलं. आता तिची आणि त्या सगळ्यांची नोकरी माझ्या तोंडात आहे, हे तिला कळलं होतं.

सोमवारी शेठजींनी विचारलंच, "ताई, तुम्ही धुळ्याकडच्या. हे एकेक वांगं काय प्रकार असतो?" माझ्या ओठावर आलं होतं. एक वाक्य, आणि तुमची लेक फाटकाबाहेर. मी म्हटलं, "काही नाही शेठ, आपल्याकडे रिकाम्या हातानं जेवायला जात नाहीत." त्यांनी मान डोलावली आणि पार्टीचं बिल पुढे सरकवलं. मी ते कर्मचारी कल्याणाच्या खर्चात टाकलं. युनियनची पहिली बैठक शेठजींच्या शेतात, शेठजींच्या तेलात झाली, आणि करातून वजासुद्धा झाली. तुम्ही असतात तर मांडीवर थाप मारून हसला असतात.

पण मला शाबासकी देऊ नका. मी तत्त्वासाठी गप्प बसले नाही. गिरणीनं तुम्हाला काढलं तसं तिला कामावरून काढलं असतं तर ती तुमच्यासारखी झाली असती, पुरती तुमची. ते मला बघवलं नसतं.

हे पत्र मी कुठे पाठवणार? बिलांच्या फायलीत मागे ठेवून देईन. एक सांगायचं राहिलं. रविवारी मीही घरून एक वांगं नेलं होतं. स्कूटीच्या डिकीत होतं. दोनदा डिकी उघडली आणि दोनदा लावली. तुम्ही नव्हतात, कुणी परत केलं नसतं. सोमवारी त्याची भाजी केली आणि एकटीच जेवले.