मीटरची चकती

निरगुडसर, मे २००४. शुक्रवार, दिवे लागल्यावर.

आजही पडवीतल्या मीटरची चकती बघून आले. गरगरा फिरत होती. लेक बाळंतपणाला आली, वर पत्रा, बाळ उकाड्यानं रडून लाल व्हायचं. म्हणून जावईबापूंनी एसी पाठवला. बाळंतिणीला गारवा बरा नाही, असं मी म्हटलं होतं. खरी भीती बिलाची. पण ते जावयाला कसं सांगायचं? लेकीच्या बाळंतपणात हात आखडला म्हणतील.

दुपारी शेजारच्या भामाकाकू चार बायकांना घेऊन बाळ बघायला आल्या. बाळाच्या मुठीत पैसे दिले, चहा झाला, तरी कुणी उठेना. "लई गार वाटतंय गं, जरा टेकते," म्हणत काकू उंबऱ्यातच बसल्या. दार सताड उघडं. दार लावू द्या म्हणावं, तर आल्या बायकांना उठवल्यासारखं दिसतं. मी दोनदा चकती बघून आले. बघून काय कमी फिरणार होती?

लेकीनं मला बघितलं असणार.

बायका गेल्यावर खोलीत गेले, तर एसी बंद. "बाळंतिणीला गारवा बरा न्हाई, तूच म्हणली व्हतीस ना आई?" लेक म्हणाली. माझ्याकडं बघत नव्हती.

मी बाळाला उचललं. झबलं घामानं ओलंचिंब, मानेवर घामोळं. एसी लावते म्हणाले, तर "ऱ्हाऊ दे" म्हणाली. मीही राहू दिलं.

बाहेर येताना नजर गेलीच. चकती अगदी सावकाश फिरत होती. आणि मला बरं वाटलं.