गाडीत अंथरलेली घोंगडी

गोरक्ष,

आप्पांना नारायणगावच्या दवाखान्यात ठेवलंय. त्यांचं धोतर न्यायला मी घरी आलो व्हतो. तू तिकडं फिरकू नको. आलास तर दारातच तंगडं मोडीन.

दसरा आला म्हणून आप्पांनी पेटी उघडली, तर देवाची घोंगडी न्हाई. आज्याच्या काळापासून दसऱ्याला आपले देव तिच्यावर बसतात. शेवटी तुझ्या बायकोनं, प्रांजलनं, रडत रडत सांगितलं. इंजिनाची धग पायाला लागती म्हणून तू ती कापून त्या रेसच्या जुन्या गाडीत, पायाखालच्या पत्र्याला चिकटवलीस. घोंगडीतनं धग शिरत न्हाई, एवढं बरं ध्यानात राहिलं! गोणपाट मिळालं न्हाई व्हय रं?

आप्पांनी कुऱ्हाड घेतली. गाडीच्या काचा, दिवे, दारं, काय ठेवलं न्हाई; इंजिन तेवढं वाचलं. मी आडवा गेलो, तर दांडा माझ्याच खांद्यावर बसला. मग काच त्यांच्या मनगटात घुसली अन् रक्ताची चिळकांडी उडाली. जीप मिळंना, म्हणून तुझ्याच गाडीत घालून नेलं.

अंगणातलं रक्त तूच धू. प्रांजलला दिवस गेलेत, तिला हात लावू देऊ नको.

गाडी हाकायला मला घोंगडीवर पाय द्यावा लागला. धग लागत न्हाई, हे खरं. पण एवढं रक्त जात असताना आप्पांनी वारूळवाडीपासून दवाखान्यापर्यंत दोन्ही पाय वर धरले. एकदाबी खाली टेकू दिले न्हाईत.

तुझा भाऊ, बिरू