‘टाका’ या शब्दाबद्दल

जालना,
१९ नोव्हेंबर २०२४

प्रिय दीपमाला,

सप्रेम नमस्कार. तीर्थपुरीला सगळे मजेत असाल. केशरबाई मावशींचा गुडघा आता कसा आहे? इकडे आम्ही ठीक.

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, तेव्हा पत्राशिवाय इलाज नव्हता. आणि बातमी अशी आहे की मला गप्प बसवत नाही. बदनापूरच्या बियाणे प्रयोगशाळेत तू ज्या डेटाबेसवर काम करायचीस, त्याची मराठी पुस्तिका मी पहिल्या पानापासून नव्याने लिहिली! काल छापून आली. मी ती तीन वेळा हुंगली, खोटं वाटेल तुला.

जुनी पुस्तिकाही मीच लिहिली होती, ती छापलेली नव्हती, फक्त आमच्या वेबसाइटवर होती. पण आता वाचताना हसू येतं गं. एकाच गोष्टीला पान तीनवर ‘ओळ’, सातवर ‘रांग’, अकरावर ‘नोंद’ आणि विसावर चक्क ‘एन्ट्री’. कुणालाही वाटावं, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेत बाईंनी शिकवलेलं ना, एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नये म्हणून! तो निबंधाचा गुण इथे अवगुण झाला. आता नियम केला: एका गोष्टीला एकच शब्द, आणि एका शब्दाचा एकच अर्थ. ऑफिसच्या भिंतीवर एकशे बारा चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. आमचा मालक अक्षतदादा रोज येऊन विचारायचा, “आज कोणत्या शब्दाचं लग्न लागलं?”

प्रत्येक शब्द परतूरला नेऊन मच्छिंद्रकाकांवर तपासला. ते तिथल्या अडत दुकानात धान्याच्या आवकीच्या नोंदी करतात. ‘स्तंभ भरा’ वाचून त्यांनी चष्मा काढला. “पोरी, मला बांधकामावर लावून राह्यली का? रकाना म्हण ना सरळ. लहानपणापासून रकानेच भरत आलो.” पुढे ‘मुख्य चावी’ आली, तर ते खरोखर टेबलाचा खण उघडून बघायला लागले. “चावी इथं न्हाई. ती शेठजीकडं राहती.” मी हसून हसून बेजार. आता तिथे ‘ओळख क्रमांक’ आहे. यादी पूर्ण झाली त्या दिवशी मी अख्ख्या ऑफिसला कचोऱ्या खिलवल्या. इतकं शहाणं काम मी आयुष्यात केलेलं नाही.

एक शब्द मात्र मी मागे मागे ढकलत राहिले. ‘टाका’.

अक्षतदादा म्हणाला, “त्यात काय अडचण? भाजीत मीठ टाकतो, तसं.” मी विचारलं, “आणि कचरा टाकतो, तसं?” पुढचं त्याला माहीत नव्हतं. तुला निम्मं माहीत आहे. उरलेलं आज सांगते.

“हंगाम सुरू करताना आधी जुन्या नोंदी टाका, मग नव्या टाका.” हे वाक्य माझं होतं. मागच्या हंगामातल्या भरायच्या राहिलेल्या नोंदी आधी भरा, असं मला म्हणायचं होतं. तू जुन्या नोंदी टाकून दिल्यास. मराठी येणाऱ्या कुणीही तेच केलं असतं. उगवण चाचण्यांच्या तीन वर्षांच्या नोंदी गेल्या आणि त्यांची दुसरी प्रत नव्हती.

त्या दुपारी तुमच्या साहेबांचा मला फोन आला. “मॅडम, पुस्तिकेत काय लिहिलंय?” मी म्हणाले, “बघून सांगते.” मग दीपू, मी आमच्या वेबसाइटवरचं ते पान उघडलं, ‘टाका’ खोडून ‘भरा’ लिहिलं, आणि त्यांना उलट फोन केला. “बराबर लिहिलंय सर. तुम्हीच बघा.”

त्यांनी पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. तू म्हणत राहिलीस, “सकाळी ‘टाका’ होतं सर, मी माझ्या डोळ्यानं वाचलं.” आणि कुणीतरी तोंडावर म्हणालं, “वाचता येत न्हाई, अन् वरून खोटं बोलून राह्यली.” हे तूच मला रडत सांगितलंस. कॉलेजात माझे पेपर तपासून देणाऱ्या मुलीला वाचता येत नाही म्हणाले, आणि मी ऐकून घेतलं. तू विचारलंस, “रितू, ते पान कोणी बदललं गं?” मी म्हणाले, “मला काय माहीत.” तू फोन ठेवलास. नोकरीही गेली तुझी.

मला भीती वाटली होती. माझं काम जाईल, नाव जाईल. दीड वर्ष मी स्वतःला सांगितलं की तुला दुसरी नोकरी मिळेल. मिळाली की नाही, ते विचारायचीही हिंमत झाली नाही.

सोबत दोन कागद आहेत. एक ते जुनं पान, त्या दिवशीच्या तारखेसकट. आमच्या मशीनवर प्रत्येक बदलाची वेळ आणि करणाऱ्याचं नाव राहतं. दुसरा, तुमच्या साहेबांना मी लिहिलेल्या पत्राची प्रत. पान कोणी बदललं, कधी आणि का, सगळं त्यात आहे. मूळ पत्र आज सकाळी मी बदनापूरला त्यांच्या हातात दिलं. ते वाचेपर्यंत समोर उभी राहिले. अक्षतदादाला कालच सांगितलं. “गिऱ्हाईक जाईल, रितिका,” म्हणाला. “जाऊ दे,” म्हटलं. माझं काय करायचं ते तो सोमवारी सांगणार आहे.

नव्या पुस्तिकेत आता ‘भरा’ आहे आणि ‘पुसा’ आहे. ‘टाका’ कुठेही नाही. मीठ आणि कचरा, अक्षतदादाशी बोलताना दोनच अर्थ निघाले. माणसाच्या बाबतीत त्याचा एक तिसराही होतो.

त्या दिवशी मी तुला टाकलं, दीपू.

जिची चूक होती ती,
रितिका