वालाच्या मुळांवरच्या गाठी

परतूर, १० जानेवारी १९८३

प्रिय आईस, उमेळ्याच्या घरी सगळ्यांना पास्कलची मायेची आठवण.

मी बरा आहे, फक्त खुरपून पाठ धरलीय. इथे थंडी भारी, ज्वारीची भाकरी मात्र... ते राहू दे. तुझा खोकला?

तू लिहिलंस, आपल्या वालाच्या मुळांना गाठी बघून बाबा म्हणतात जमीन किडली, बिल्डरला देऊ. अगं, काल खुरपताना माझ्या हातून हरभरा उपटला गेला, त्यालाही तशाच गाठी! शेताचे मालक दगडूमामा ओरडले, "शहाण्या, रोग नाही तो! आत जिवाणू असतात. रोप त्यांना पोसतं, ते हवेतून खत बनवून रोपाला देतात." गाठ फोडली तर आत गुलाबी, म्हणजे जिवंत, कामाची.

बाबांना सांग, जमीन चांगली आहे.

की मी परतणार नाही म्हणून विकताय? मग थांबा. कामासाठी गावोगाव फिरून फिरून दमलोय. येतो.

तुझा पास्कल