एकतिसाव्या पानावरचं तिकीट

बाई,

त्या कादंबरीचा खरा हिशेब असा, की मला ती फुकट पडली आणि तुम्हाला कपाटाची किल्ली द्यावी लागली. कितीतरी वर्षं ती किल्ली तुमच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात होती. दर रविवारी ट्रामनं यायचात, मराठी मंडळाच्या मागच्या खोलीतलं कपाट उघडायचात आणि पुढचे दोन तास आम्हा पोरांचे. बदलीवर आलेली कुटुंबं कलकत्ता सोडताना जी पुस्तकं मागे ठेवून जात, त्यांचं ते कपाट. 'हे चांगलं आहे, वाच,' असं तुमच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही. आधी दहा मिनिटं भलत्याच गप्पा : शाळेत मार कोणाला बसला, घरी कोण पाहुणे आलेत, फुटबॉलमध्ये काय झालं. मग उठून एक कादंबरी काढून हातात द्यायचात. अट एकच. नाही आवडली तर खुशाल परत आणायची, पण जिथे सोडली त्या पानात ट्रामचं तिकीट ठेवायचं. "बोध काय घेतलास ते सांगू नकोस, कुठे सोडलीस ते कळू दे," म्हणायचात. "मुलं माझं मन राखायला खोटं बोलतात. तिकीट नाही बोलत." एकाच पानावर तीन तिकिटं निघाली, की ती कादंबरी चौदा-पंधराच्या मुलांना द्यायची बंद.

मी तेव्हा पंधराचा. मराठी वाचताना ओळीखालून बोट फिरवावं लागायचं, बोलताना मध्येच बंगाली घुसायचं. "तुझे कान चांगले आहेत," तुम्ही म्हणालात. "ही घे. हिच्यातली माणसं बोलतात छान." बापाशी न पटणाऱ्या मुलाची गोष्ट होती. रोज चार-पाच पानं करत मी एकतिसाव्या पानावर पोचलो. तिथे तो मुलगा पिशवी भरून स्टेशनवर येतो. नेमक्या त्याच आठवड्यात मी गणितात नापास झालो, आणि प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही हवी होती. वडील गार्डन रीचला रेल्वेच्या ऑफिसात. बोलणं कमी, हात जड. सकाळी मी दप्तर घेऊन निघालो तो शाळेत न जाता सियालदहला, आणि तिथून बजबजच्या गाडीत. दिवसभर तागाच्या गिरणीच्या भिंतीला टेकून नदी बघत बसलो, भूक लागली, परत आलो. सहाच्या आत घरात होतो. पण ते दिवस कसले होते ते तुम्हाला ठाऊक आहे. शहरातली वयात आलेली पोरं घर सोडून चळवळीत जात होती आणि सगळीच परत येत नव्हती. मी शाळेत नाही हे शेजारच्या मुलानं दुपारीच सांगितलेलं, आई रडून रडून अर्धी झालेली. उशीखाली कादंबरी सापडली, वडिलांनी उभ्या उभ्या चाळली, आणि त्यांना कारण मिळालं. खरं सांगायचं तर मलाही मिळालं.

रविवारी मंडळात सगळे जमले आहेत. कादंबरी टेबलावर, तुम्ही टेबलाच्या एका बाजूला, बाकीचे सगळे दुसऱ्या.

"बाई, पोरांच्या हातात असली पुस्तकं देता?" सेक्रेटरी विचारतात.

"असली म्हणजे कसली? वाचलीत का?"

"वाचायला कशाला हवी? परिणाम दिसतोय की समोर!"

"म्हणजे इथे वाचक हा एकटाच," तुम्ही म्हणता. "मग त्यालाच विचारू या. काय रे, ही वाचून गेलास?"

वडील माझ्या खांद्याला खांदा लावून उभे आहेत. प्रगतिपुस्तक अजून दप्तराच्या तळाशी. मी म्हणतो, "हो बाई. पूर्ण वाचली. म्हणूनच गेलो."

तुम्ही पुस्तक उचललंत. ते तिकिटापाशीच उघडलं. पानाचा आकडा पाहिलात, मग मला पाहिलंत. एक शब्द बोलला असतात तर किल्ली तुमच्याकडे राहिली असती आणि घरी गेल्यावर माझी सालटी निघाली असती. तुम्ही ते तिकीट दोन बोटांत धरून पर्समध्ये टाकलंत, किल्ली काढलीत आणि टेबलावर ठेवलीत. "मुलगा सांगतोय, तेव्हा झालं," एवढंच म्हणालात. पुढे ते कपाट वर्षातून एकदा, गणपतीत, झाडायला उघडायचं. तुम्ही एकदा रस्त्यात भेटलात, तेव्हा हसून विचारलंत, "काय रे, गणित सुटतं का आता?" मी तुम्हाला गणिताचं कधीच बोललो नव्हतो.

तुम्ही गेलात त्यालाही आता एक जन्म लोटला. सियालदहला माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा धंदा आहे, बरा चालतो. गिऱ्हाईक काय बोलतं याहून बोलता बोलता कुठे थांबतं, तिकडे कान ठेवायचा, ही विद्या तुमचीच. पण मंडळाच्या स्टेजवर मी वेगळंच सांगत आलोय : कादंबरीतला एक मुलगा बापाचं घर सोडून निघाला आणि त्यानं मला निघायला शिकवलं, तोच माझा गुरू. टाळ्या पडतात. यंदा मंडळानं मलाच सांगितलं, की आपल्या मुलांसाठी चांगल्या कादंबऱ्यांची यादी करा. मी बारा सांगितल्या, पहिली तीच. पुढच्या रांगेतल्या चौदा वर्षांच्या एका मुलीनं हात वर केला. "काका, पण तो मुलगा लास्टला जातो कुठे?" "वाचलीस की कळेल," मी म्हणालो. सगळे हसले. ती हसली नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि बाई, मी कुठे थांबलो होतो ते तिला बरोबर ऐकू आलं होतं.

या पत्राला पत्ता नाही, आणि असता तरी पेटीत टाकायला मला धीर झाला नसता. मुंबईहून त्या कादंबरीची प्रत मागवली आणि काल बत्तिसाव्या पानापासून वाचायला घेतली. तो मुलगा गाडीत चढतच नाही. वडिलांचा जेवणाचा डबा चुकून आपल्या पिशवीत आलाय हे त्याला तिकीटखिडकीपाशी कळतं, तो डबा द्यायला मागे फिरतो, आणि उरलेल्या दोनशे पानांत त्या गावाबाहेर एकदाही जात नाही.