मुठीवरचा अंगठा

चासेल, मिशिगन
१४ एप्रिल

प्रिय आयली,

तू पाठवलेली तुझ्या बाबाची, आर्वोची गळाची काठी मंगळवारी पोचली. सोबतची चिठ्ठीही. "एनोकाका, माझ्या मार्नीला यंदा नदीवर न्यायचं म्हणतेय. मूठ घासून लख्ख कर, वरून जाड वार्निश चढव. बाबाचं काही दिसायला नको." शेवटचं वाक्य मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

दोन दिवस काठीला हातच लावला नाही. बर्फ वितळून स्टर्जन नदी फुगलीय, तिचा आवाज थेट माझ्या काठ्यांच्या कारखान्यात येतो. असं पाणी वाजायला लागलं की मला दारात आर्वो दिसतो, अंगावरून पाणी निथळणारा. "काय कविराज, झालं का?" हे त्याचं नेहमीचं. चौथीच्या बाईंनी पाठ करून घेतलेली नदीची कविता मी घासताना म्हणायचो, एका ओळीला एक हात. तो हसायचा, "पोहता येत नाही लेकाला, आणि म्हणे नदी! तुझी नदी वहीतच बरी."

ही आम्हा दोघांची पहिली काठी. बांबू त्याने तासला, मूठ मी केली. बुचाच्या बारा चकत्या चिकटवल्या, लेथवर गोल केल्या, बुचाच्या भुकटीत सरस कालवून एकेक भोक बुजवलं. वर काही लावायचं नाही, अशी त्याची ताकीद. "बुचाला हात पिऊ दे," म्हणायचा. दहा वर्षांत मूठ त्याच्या हाताने काळपट झाली. अंगठा टेकायचा तिथे तर चहाच्या डागासारखा ठसा. मला मात्र त्या डागाची लाज वाटायची. चर्चच्या हॉलमध्ये प्रदर्शन होतं, म्हणून त्याला न विचारता मी मुठीवर गडद वार्निशचे दोन जाड हात दिले. आरशासारखी चमकली. पहिल्या बक्षिसाची निळी फीत मिळाली आपल्याला, आयली. ती अजून माझ्या खिडकीला लटकतेय, ऊन खाऊन पांढरी पडलीय.

पुढच्याच शनिवारी सकाळी आम्ही नदीवर गेलो. तो कमरेएवढ्या पाण्यात, मी काठावर. तिथून ओरडला, "अरे कविराज, मूठ आहे की ओली बाटली? हातात ठरत नाहीये!" मी म्हणालो, "बक्षीस मिळालंय तिला. नखरे करू नकोस, हात सरावेल." माझं त्याच्याशी झालेलं ते शेवटचं बोलणं. माशाने ओढ घेतली, काठी त्याच्या हातून सुळकन निसटली आणि तो तिच्यामागे झेपावला. रबरी विजारीत पाणी भरलं. मी काठाने फांदी पुढे करत धावलो, वळणापर्यंत. पाण्यात उतरलो नाही.

काठी खाली झुडपात अडकलेली सापडली. आर्वो दुसऱ्या दिवशी. मातीच्या दिवशी तुमच्या स्वयंपाकघरात कुणीतरी हळूच म्हणालं, "सकाळीच ढोसली असणार, दुसरं काय." तू अकरा वर्षांची, कपबश्या गोळा करत होतीस. तुझे हात थांबलेले मी पाहिले. माझ्या हातात वेलचीच्या पावाचा तुकडा होता. तो मी खाल्ला, बोललो काहीच नाही. त्यानंतर तुझ्या आईने माळ्यावर टाकली ती काठी, आणि त्याचं नावही.

काल धीर करून वार्निश खरवडलं. पापुद्रे काचेसारखे निघाले. मला वाटलं होतं, खाली काही उरलं नसेल. अंगठा तसाच आहे, आयली. अडतीस वर्षं मीच तो झाकून ठेवला होता. मी माझा टेकवून पाहिला, बसत नाही. म्हणून सांगितलंस तसं केलेलं नाही. पॉलिश पेपर लावला नाही, चमक दिली नाही. मूठ कोरीच परत पाठवतोय. तुझा बाप प्यायलेला नव्हता. दोन कप कॉफी, तीही माझ्याच थर्मासातली. त्याच्या हातून काठी सुटली ती माझ्या वार्निशमुळे. हे तुला अकराव्या वर्षी सांगायला हवं होतं. आता माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. पण मार्नीच्या हातात देण्याआधी एकदा तू धरून बघ. तुझे हात त्याच्यासारखे आहेत.

तुझाच, अजून म्हणू देशील तर,
एनोकाका