फीत कापेपर्यंत

४ नोव्हेंबर, मंगळवार
आर्थिक गुन्ह्यांविरुद्धचा नवा कायदा लागू झाला. फसवणुकीचे पैसे ज्या खात्यात गेले, ते खातं आता आमच्या ऑफिसातून एका बटणावर गोठवायचं. बँकेला टपालानं पत्र पाठवण्याची जुनी पद्धत आजपासून बंद. नोडल अधिकारी म्हणून माझं नाव. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच कुणीतरी मला ओळखलं. संकल्प: जिल्ह्यातला एकही चोर सुटता कामा नये. उद्यापासून साडेनऊला ऑफिसात.

५ नोव्हेंबर
पावणेबाराला पोचलो. गुडघा.
खाती गोठवायचं मशीन आलं. साहेब म्हणाले, उद्घाटन मोठ्या पाहुण्यांच्या हस्ते, तोवर कुणी हात लावायचा नाही. बरोबरच आहे. लाल फीत मी स्वतः बांधली, वरून प्लॅस्टिक. ऑपरेटर रूपाली म्हणाली की सर, टेस्टिंग झालंय, मशीन चालतंय. चालणं वेगळं आणि सुरू होणं वेगळं, हे तिला समजावून सांगितलं. नवीन पोरांना शासन कळत नाही.

७ नोव्हेंबर
पुंडलिकनगरच्या भामाबाई आल्या. चिकलठाण्याच्या कंपन्यांत जेवणाचे डबे देतात. वीजबिल थकलंय असा फोन आला, लिंक दाबली, आणि दुकानाच्या डिपॉझिटसाठी साठवलेले सगळे पैसे गेले. म्हणाल्या, लई कष्टाचे हायेत साहेब, आता तुमीच बघा. मी त्यांना नवा कायदा कलमांसकट सांगितला. चहा पाजला. मला फार समाधान वाटलं.
त्या गेल्यावर रूपालीनं बँकेत फोन लावला. पैसे अजून त्या चोराच्याच खात्यात आहेत, पण बँकेला आदेश मशीनमधूनच हवा. रूपाली म्हणाली, फीत जरा सरकवते सर, पाच मिनिटांचं काम आहे. मी साफ नाही म्हणालो. आधीच वापरलं तर पाहुण्यांनी उद्घाटन कशाचं करायचं?

१० नोव्हेंबर
पाहुण्यांची तारीख पुढं गेली. भामाबाई पुन्हा दारात. म्हणाल्या, बँकवाले म्हंतेत तुमच्याकडून हुकूम यायचा हाय, त्यो कवा जाईल? लवकरच, म्हणालो. जुनी पद्धत बंद, नवी सुरू नाही, यात माझा काडीचाही दोष नाही. भाषण मात्र तयार आहे.

११ नोव्हेंबर
ठरलं. उद्या फीत सोडायची. साहेबांना काय वाटायचं ते वाटो, नोकरी गेली तरी बेहत्तर. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी बाथरूमचा नळ दुरुस्त करा. घरात कुणालाच विषयाचं गांभीर्य नाही.

१२ नोव्हेंबर
प्लॅस्टिक काढलं. गाठीला हातही घातला होता. तेवढ्यात साहेबांचा फोन: पाहुणे शुक्रवारी नक्की. म्हटलं, इतके दिवस थांबलो, आता दोन दिवसांसाठी कशाला? गाठ पुन्हा आवळली. शिवाय साहेबांना सुचवलं की भामाबाईंचं प्रकरण स्टेजवरच चालवू. साहेब खूश. भामाबाईंना निरोप धाडला, चांगली साडी नेसून या.

१३ नोव्हेंबर
हार, शाली, समोसे, जनरेटर, सगळं माझ्याच डोक्यावर. दमलो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
कार्यक्रम झकास. वेळेअभावी माझं भाषण झालं नाही.
पाहुण्यांनी फीत कापली, बटण दाबलं. मशीननं डोळ्याचं पातं लवायच्या आत काम केलं. पडद्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत आलं: अकाउंट फ्रीझ्ड. खाली बारीक अक्षरांत: बॅलन्स निल. काल दुपारीच कुणीतरी सगळी रक्कम काढून नेली होती. पाहुण्यांना मशीनचा वेग फार आवडला. साहेबांनी टाळ्या सुरू केल्या, मग अख्खा हॉल वाजवायला लागला.
पहिल्या रांगेत भामाबाईही वाजवत होत्या.
नंतर त्या मला शोधत समोशांच्या टेबलापाशी आल्या. नवी साडी. हात जोडून म्हणाल्या, लई उपकार झाले साहेब, मंग पैसे न्यायला कवा येऊ? रूपाली शेजारीच उभी होती, माझ्याकडं बघत. मला मान वर करवेना.
सोमवारी या, म्हणालो. मग खुर्चीत बसून सोमवारच्या रजेचा अर्ज लिहिला.